सतरा नंबरचे श्वास

ही गोष्ट खरी आहे. खोटी वाटली तर चांगलंच आहे, निदान तुम्हाला झोप तरी लागेल.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. माझं कामच असं आहे की कुणी धावत येऊन "अहो, फाइल गायब झाली!" असं ओरडलं, की आपण शांतपणे म्हणायचं, "गायब होत नसते. तुम्हीच कुठेतरी टाकली असेल." आणि बहुतेक वेळा तसंच निघतं.

आणि हो, हे रात्री घडलेलं नाही. अमावस्या नव्हती, वादळ नव्हतं. रविवारची भर दुपार होती. आमच्या स्टुडिओत सगळे दिवे चालू होते...

पण आधीचं सांगायला हवं.

मी एका साउंड स्टुडिओत कॉम्प्युटरचं बघतो. आमच्याकडे पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. वाचणारा काचेपलीकडच्या खोलीत बसतो. एडिटर बाहेर बसून त्याचं खोकणं, अडखळणं, खुर्चीची करकर काढून टाकतो. खोल्यांना खिडक्या नाहीत, भिंतींना जाड फोम. दार लावलं की स्वतःच्या कानातली गुणगुण ऐकू येते. नवीन माणूस पहिल्या दिवशी काही ना काही निमित्त काढून सारखा बाहेर येतो.

तिथे एक जुने एडिटर होते. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. कामाला वाघ, स्वभावाने तिरसट.

मास्तरांची एक खोड होती. ते श्वास काढायचे.

म्हणजे वाचणारा दोन वाक्यांच्या मध्ये जो श्वास घेतो ना, तो. सगळेच एडिटर श्वास थोडे दाबतात, पण मास्तर एकूण एक कापायचे. त्यांच्या हाताखालून गेलेलं पुस्तक ऐकताना कसंतरीच व्हायचं. माणूस बोलतोय, बोलतोय... आणि एकदाही श्वास घेत नाहीये. ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरायचा.

मॅडमनी, म्हणजे स्टुडिओच्या मालकिणीने, त्यांना बऱ्याचदा समजावलं. मास्तर म्हणायचे, "श्वास म्हणजे कचरा. लोकांना शब्द ऐकायचेत."

पुढे त्यांच्याच फुप्फुसांनी दगा दिला. शेवटी शेवटी जिना चढून आले की भिंतीला धरून उभे राहायचे, तोंड उघडं ठेवून. एक दिवस आले नाहीत. मग ते गेल्याचा फोन आला.

मी त्यांचं खातं बंद केलं.

आता इथे थोडं कामाचं सांगतो. कंटाळू नका, सगळी मेख इथेच आहे.

आमच्या सगळ्यांच्या फाइल्स एकाच सर्व्हरवर असतात. तो सामायिक फोल्डर प्रत्येकाच्या कॉम्प्युटरला जोडलेला असतो. त्याला आम्ही माउंट करणं म्हणतो. प्रत्येक फाइलला एक मालक असतो. फाइल बदलायची परवानगी फक्त मालकाला, बाकीच्यांनी नुसती ऐकायची.

पण सर्व्हरला नाव कळत नाही. त्याला नंबर कळतो.

मास्तरांचा नंबर सतरा. खातं बंद झालं तसं त्यांचं नाव गेलं. फाइल्स मात्र तिथेच राहिल्या आणि मालकाच्या जागी नुसता आकडा दिसायला लागला. सतरा... सतरा... सतरा. बिनमाणसाचा नंबर.

माझ्या आधी या कामावर असलेल्या माणसाने एक सोय करून ठेवली होती. नवीन खातं उघडलं की सिस्टिम आपोआप पहिला रिकामा नंबर द्यायची.

आणि मास्तरांच्या जागेवर आली माझी सख्खी धाकटी बहीण.

घरात आम्ही तिला बडबडी म्हणतो. कारण सांगायला नकोच. लहानपणी झोपेतसुद्धा बोलायची. आई अजूनही फोन स्पीकरवर ठेवून भांडी घासून घेते, तरी हिचं बोलणं संपलेलं नसतं. पण कान असे की दुसऱ्या खोलीतला ट्यूबलाइट बिघडलाय हे आधी हिला कळणार.

मी तिचं खातं उघडलं. मशीनने नंबर दिला.

सतरा.

एका क्षणात मास्तरांच्या सगळ्या फाइल्सपुढे माझ्या बहिणीचं नाव आलं. मला काय वाटलं असेल? बरं वाटलं! मास्तरांची अर्धवट राहिलेली पुस्तकं तिलाच पुरी करायची होती. एकेका फाइलची मालकी बदलत बसायचं काम वाचलं. मॅडमही म्हणाल्या, "छान झालं की." आमच्या धंद्यात याला आळस म्हणत नाहीत, सोय म्हणतात.

पहिले काही दिवस ठीक गेले.

मग एक दिवस बडबडी तावातावाने माझ्या टेबलाशी आली.

"दादा, माझ्या फाइलला हात कुणी लावला?"

"कुणी नाही. तुझ्याशिवाय कुणाला परवानगीच नाहीये."

"मग श्वास कुठे गेले?"

मी तिच्याबरोबर जाऊन ऐकलं. एक बाई शांतपणे गोष्ट वाचत होत्या. आदल्या दिवशी बडबडीने हे प्रकरण मन लावून साफ केलं होतं. श्वास ठेवायची ती, मुद्दाम. म्हणायची, श्वासाशिवाय बाई जिवंत वाटत नाही.

आता एकही श्वास नव्हता.

मी सर्व्हरवर पाहिलं. फाइल बदलणारा: तीच. म्हणजे तिचा नंबर. मी म्हटलं, "तूच केलंयस, विसरली असशील."

"मला वेड लागलंय का?"

"ते आईला विचार."

ती चिडून निघून गेली. मी हसत होतो. मग माझं लक्ष फाइल बदलल्याच्या वेळेकडे गेलं...

जेवणाची सुट्टी. तेव्हा ती माझ्यासमोर बसली होती. माझ्याच डब्यातलं खात होती.

मी तिचा पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा श्वास घालून फाइल ठेवली. मी त्या फाइलची लिहायची परवानगीच काढून टाकली. कुणालाच नाही, तिलाही नाही. मग आम्ही दोघं तिच्या कॉम्प्युटरची वायर काढून चहाला गेलो.

परत आलो.

परवानगी उघडलेली होती.

श्वास गेलेले होते.

काढलेली परवानगी दोघंच परत देऊ शकतात. एक मी. दुसरा, फाइलचा मालक.

आणि मालक, म्हणजे बडबडी, तर माझ्याबरोबर चहा पीत होती. तरी तोंडाने म्हटलं, "सिस्टिममध्ये काहीतरी घोळ आहे, बघतो." डॉक्टर लोक व्हायरल आहे म्हणतात तसंच आमचं हे वाक्य.

तो घोळ शोधतानाच मला तो फोल्डर सापडला. मास्तरांच्या जुन्या कामाच्या आत, खूप खोल. नाव होतं, "श्वास".

आत हजारो छोट्या छोट्या फाइल्स. मी एक उघडली.

...हं.

एका माणसाने घेतलेला श्वास. बस. दुसरी उघडली. बाईचा. तिसरी, कुणा म्हाताऱ्याचा. मास्तर ज्याला कचरा म्हणायचे, त्यातला एकही तुकडा त्यांनी फेकला नव्हता.

सगळ्यात नवीन फाइल त्याच सकाळची होती.

मी बडबडीला बोलावून ती ऐकवली. तिने हेडफोन लावला आणि तिचा चेहराच उतरला.

"दादा... हा माझा आहे."

"काहीतरीच काय? तू कुठे रेकॉर्ड केलंयस कधी?"

"नाही केलं. पण माझा मला कळत नाही का?"

त्या दिवशी घरी जाताना ती गप्प होती. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी पोचल्यावर मात्र सुटली. आईला काहीबाही सांगत बसली. कुणाशी भांडण झालं, कुठला ड्रेस बघितला, शेजारचीचं काय. मी समोर बसून ऐकत होतो. काहीतरी चुकत होतं, पण काय ते कळेना.

मग कळलं.

ती थांबतच नव्हती.

वाक्यामागून वाक्य. मध्ये कुठे विराम नाही. खांदे हलत नव्हते, छाती वर येत नव्हती. आई कौतुकाने म्हणाली, "अगं, जरा दम तर खा!" बडबडी हसली. हसणंसुद्धा कापल्यासारखं... सुरू झालं आणि संपलं.

सुट्टीच्या दिवशी ती दुपारी सोफ्यावर झोपली होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. पांघरूण जरासुद्धा हलत नव्हतं. मी तिच्या नाकासमोर बोट धरलं.

काहीच नाही.

मी बोट तसंच धरून ठेवलं. माझाच श्वास फुलायला लागला, पण तिचा येईना. मी तिला हलवणार, तेवढ्यात तिने डोळे उघडले.

"काय रे?"

"काही नाही," मी म्हटलं. "माशी होती."

न्हाणीघरात जाऊन मी नळ सोडला आणि रडलो. खोटं कशाला सांगू?

डॉक्टरकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, पुन्हा लावली, मग नळीच तपासली. म्हणाले, ऑक्सिजन व्यवस्थित आहे, पण आवाज नीट मिळत नाहीये, दुसरीकडे दाखवा. बडबडी माझ्याकडे बघत होती. बाहेर आल्यावर हळूच म्हणाली, "दादा, मला दिवसेंदिवस आतून रिकामं रिकामं वाटतंय. मी मरणार नाही ना रे?"

मी तिला झिडकारलं. घाबरलो की मला राग येतो.

त्याच संध्याकाळी मी मास्तरांच्या बायकोला फोन केला. काकूंना काय विचारावं तेच सुचेना. शेवटी म्हटलं, मास्तर जाताना कामाबद्दल काही बोलले होते का?

काकूंनी मागे चालू असलेला टीव्ही बंद केला.

"शेवटचे दिवस फार वाईट गेले हो त्यांचे," त्या म्हणाल्या. "हवाच पुरायची नाही. सारखं म्हणायचे, इतक्या लोकांचे काढून ठेवलेत मी, त्यातला एक तरी मला आणून द्या. मला वाटलं, तापात बडबडतायत."

मी फोन ठेवला. आता माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. नंबर बदलायचा. सतरा नंबर माझ्या बहिणीचा राहता कामा नये.

तर तो रविवार.

स्टुडिओ बंद. मी किल्ली घेऊन गेलो, बडबडीला बरोबर नेलं. तिला माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "बोलत राहा. काहीही बोल, पण बोलत राहा."

"पहिल्यांदाच कुणीतरी असं सांगतंय," ती म्हणाली. आणि बोलायला लागली.

मी तिला नवा नंबर दिला. कधीच कुणाला न दिलेला. एंटर दाबलं.

सर्व्हरवरच्या सगळ्या फाइल्सपुढचं तिचं नाव पुसलं गेलं. पुन्हा तो नागडा आकडा आला. सतरा. सतरा. सतरा.

"झालं," मी म्हटलं.

उत्तर आलं नाही.

मी वळून पाहिलं. बडबडीचं तोंड उघडं होतं. एक हात छातीवर. डोळे माझ्यावर खिळलेले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. ती श्वास घ्यायचा प्रयत्न करत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला त्याची गरज भासत होती... आणि तो नव्हता.

"बडबडे! ए!"

तिने बोट स्क्रीनकडे केलं. तिला सर्व्हरचं काही कळत नाही, पण तिला कळलं होतं. तिचे श्वास कुठे आहेत ते.

मी तो श्वासांचा फोल्डर तिच्या नव्या नंबरवर करायचा हुकूम लिहिला.

परवानगी नाकारली.

मला! ज्याचा शब्द त्या मशीनवर शेवटचा असतो, त्याला!

पुन्हा लिहिला. परवानगी नाकारली. तिचे ओठ निळे पडत होते. ती खुर्चीवरून खाली घसरली, मी एका हाताने तिला धरलं. त्यातले कुठले तिचे, कुठले दुसऱ्यांचे, हे निवडत बसायला वेळ नव्हता. आणि कसं निवडणार? सगळ्यांवर एकच नंबर होता.

मी ओरडलो. रिकाम्या स्टुडिओत, त्या फोमच्या भिंतींना.

"मास्तर, द्या हो! सगळे द्या! तुमचं काय अडलंय आता? पोर आहे ती!"

बंद स्पीकरमधून आवाज आला...

कुणीतरी श्वास सोडत होतं. घेत नव्हतं, सोडत होतं. लांब... खूप लांब... खूप दिवस धरून ठेवलेला असावा तसा.

मग तो थांबला.

मी पुन्हा एंटर दाबलं.

या वेळी मशीनने मुकाट्याने ऐकलं. फोल्डरमधल्या एकेका फाइलपुढे बडबडीचं नाव उमटायला लागलं. आणि माझ्या हातातल्या माझ्या बहिणीने एवढा मोठा श्वास घेतला की तिचं सगळं अंग वर उचललं गेलं. मग दुसरा. मग तिसरा. मग ती खोकली आणि भोकाड पसरून रडली. मीही रडलो. आम्ही दोघं जमिनीवर बसून राहिलो. तिचा श्वास ऐकत.

मास्तरांच्या बाकी सगळ्या फाइल्स मी मॅडमच्या नावावर केल्या. सतरा नंबर कायमचा बंद करून टाकला, पुन्हा कुणाला मिळणार नाही असा. ती आपोआप नंबर द्यायची सोयही उपटून फेकली.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिलीच नसती.

बडबडी ठणठणीत झाली. वजन वाढलं, भांडायला लागली. आईने देवाला हात जोडले. डॉक्टरांच्या नळीत सगळं नीट ऐकू आलं. मी ते सगळं विसरायच्या बेतात होतो.

गेल्या महिन्यात मॅडमनी नवीन सर्व्हर मागवला. जुन्याची डिस्क म्हातारी झालीये, आतून टकटक आवाज करते. बदलायची तयारी म्हणून मला सामायिक फोल्डर सगळ्यांच्या कॉम्प्युटरपासून क्षणभर सोडवून बघायचा होता. रोजचंच काम. मी सगळ्यांना ओरडून सांगितलं, "फाइल्स सेव्ह करा रे!" आणि फोल्डर सोडवला.

सर्व्हरच्या कपाटाजवळून काचेपलीकडे बडबडी दिसते. ती मॅडमशी बोलत होती, हातवारे करून.

ती थांबली.

पडली नाही. डोळे मिटले नाहीत. एक हात हवेत, तोंड अर्धवट उघडं... रेकॉर्डिंग मध्येच थांबवावं तशी. मॅडम तिच्या तोंडाकडे बघत होत्या, ही पुढे काय बोलते त्याची वाट पाहत.

मी कीबोर्डकडे झेपावलो. कसाबसा फोल्डर पुन्हा जोडला.

तिने श्वास घेतला. हात खाली आला. आणि ती अर्धवट राहिलेल्या शब्दापासून पुढे बोलायला लागली.

तिला काहीच कळलं नव्हतं. माझ्याकडे लक्ष गेलं तेव्हा काचेतूनच तिने विचारलं, काय झालं? मी मान हलवली. काही नाही.

म्हणजे ते श्वास तिच्याकडे परत आलेच नव्हते. फक्त तिच्या नावावर झाले होते. ठेवलेले अजून तिथेच आहेत.

नवीन सर्व्हर महिनाभर खोक्यात पडून आहे. फाइल्स नव्या मशीनवर नेताना मालकी जशीच्या तशी जाते, असं सगळीकडे लिहिलंय. मीही लोकांना तेच छातीठोकपणे सांगत आलोय. पण नेताना जुना बंद करावाच लागतो. थोडा वेळ का होईना, ते श्वास कुठेच नसतात.

आणि बंद नाही केला, तर ती डिस्क किती दिवस काढेल?

आज सकाळी टकटक जास्त येत होती. मॅडम म्हणाल्या, "अरे, कधी जोडतोयस नवीन? तो एक दिवस आपोआप बंद पडेल, मग बसशील डोकं धरून."

बडबडी मागेच उभी होती. माझी बाजू घेत म्हणाली, "जोडेल हो मॅडम. दादाला प्रत्येक गोष्टीत उगाच घोळ घालायची सवयच आहे."

मग मोठ्याने हसली. पोटभर, दम लागेपर्यंत.

मी कपाटाला कान लावून उभा होतो.